कपाशीतली ज्वारी

मागल्या महिन्यात अमरावतीला माझ्या भाजीच्या अडतीवर एक गृहस्थ आले. बसायला मी त्यांना पोतं अंथरून दिलं, पण ते उभेच राहिले. धोतर पांढरंस्वच्छ होतं, त्याला वांग्याची माती लागली असती. पूर्णेच्या काठावर आमच्या गावी शिखांचं जे देवस्थान आहे, त्याचा इतिहास त्यांना लिहायचा होता. मूळची हकीकत जाणणारा म्हातारा आता अमरावतीला भाजी विकतो, असं त्यांना गावात कोणीतरी सांगितलं होतं.

त्यांनी विचारलं, स्थापना कोणत्या साली झाली. मी म्हटलं, ठाऊक नाही, मोठा पूर आला त्या साली. संस्थापक कोणत्या गादीचे? म्हटलं, गादी नव्हती, घोंगडी होती, तीही आमची. सनद, ताम्रपट? नाही. देवस्थानाला जमीन? होती, दिली. कोणाला दिली? म्हटलं, ज्याची होती त्याच्या मुलाला. त्यावर गृहस्थांनी कागदाची घडी केली, मला नमस्कार केला आणि ते गेले. त्यांचंही चुकलं नाही. इतिहासाला साल लागतं. माझ्याकडे साल नाही, एक माणूस आहे. तो गेल्यापासून असा एक दिवस गेला नसेल की मी त्याला मनात हात जोडले नाहीत.

त्या माणसाचं नाव खजानसिंग. गाव त्यांना शीखबाबा म्हणे, पुढेपुढे नुसतं बाबा. उंच, हाडापेरानं मोठे, छातीवर आलेली दाढी, निळी पगडी आणि मनगटात लोखंडी कडं. अचलपूरच्या छावणीत ते शिपाई होते. नोकरी संपली तेव्हा पंजाबात मागं कोणी उरलं नव्हतं. म्हणून नांदेडला जाऊन गुरूच्या दारी उरलेले दिवस काढायचे असं त्यांनी ठरवलं. पलटणीतल्या शिखांचा एक ग्रंथसाहेब होता, तो त्यांच्या स्वाधीन झाला. तो डोक्यावर घेऊन ते अनवाणी निघाले आणि आमच्या गावाशी पूर्णेनं त्यांना अडवलं.

पुढची गोष्ट माझे वडील सांगत. आमचा भाजीचा मळा नदीच्या वरच्या अंगाला, जिथून माणसं-गाड्या नदी ओलांडतात त्या उतारापाशीच. वडील सकाळी मळ्यात आले तेव्हा एक दाढीवाला माणूस डोक्यावर भलं मोठं बोचकं घेऊन पुराकडे पाहत उभा होता. दुपारी घरी जायला निघाले तरी तो तसाच उभा. वडिलांना राहवलं नाही.

"महाराज, गठुडं खाली ठेवा ना. मान मोडंल."

"गठरी नहीं है, भाई. हमारे गुरु हैं. ज़मीन पर नहीं रखते."

वडिलांनी चहूकडे पाहिलं. सगळा चिखल. उंच म्हणावी अशी एकच जागा होती, मळ्यातली मचाण. चार खांबांवर बांधलेली, जिच्यावर बसून आम्ही राघू हाकलायचो. "तिथं चालंल का?" असं वडिलांनी विचारलं. बाबांनी मान वर करून पाहिलं आणि चालेल म्हणाले. तर अशी स्थापना. गुरूंचा मुक्काम गोफणी आणि गोट्यांच्या शेजारी, आणि खाली आमची घोंगडी पांघरून बाबा.

पूर उतरला तोवर बाबांनी गावच्या बऱ्याच घरची भाकरी खाल्लेली होती. ते म्हणाले, ज्या गावचं खाल्लं त्याला एकदा जेवू घालतो आणि मग निघतो. त्यांनी जेवण घातलं. अर्धा गाव जेवला, अर्धा दुरून पाहत राहिला. त्याच दिवशी उतारापाशी बैलाचा पाय मोडून एक वाटसरू अडकला, त्याला जेवू घालावं लागलं. दुसऱ्या दिवशी एक फकीर आला. मग बंजाऱ्यांचा तांडा. नदीचा उतार म्हणजे रस्त्यानं येणाऱ्याला थांबावंच लागतं. बाबांचं ते एक जेवण काही संपेचना; त्यालाच ते लंगर म्हणत. गावच्या थोरल्या पाटलांनी हे सगळं पाहिलं आणि नदीकाठचं आपलं एक वावर, काळी कसदार जमीन, हातावर पाणी सोडून बाबांना दिलं. ज्वारी पिकवा आणि लोकांना घाला, एवढंच ते म्हणाले. मळ्याच्या बांधाला लागून मातीचं घर उभं राहिलं, पुढं निशाणाची उंच काठी आली. विहीर आमची आणि बाबांची एकच.

या शेजारामुळे मला बाबा जवळून पाहायला मिळाले. पहाटे विहिरीवर त्यांची आंघोळ. पौषात आम्ही गोधडीतून नाक बाहेर काढत नसू, आणि तिकडे हे घागरीवर घागरी ओतून मोठ्यानं पाठ म्हणत असायचे. मग केस मोकळे सोडून उन्हात बसत. ते केस पाहायला गावच्या बायका मुद्दाम पाण्याचं निमित्त काढून येत. माझी आईसुद्धा म्हणायची, "माह्या पोरीले एवढे असते तं काय पाह्यजे होतं."

सुरुवातीला आमच्या लोकांना ग्रंथसाहेब म्हणजे काय ते कळेना. रेशमी रुमालांत झाकलेलं आहे, चवरी ढाळतात, रात्री निजवतात, सकाळी उठवतात, तेव्हा आत देवच असणार. आईनं एकदा बाबा नसताना आत जाऊन रुमालाला हळद-कुंकू लावलं. बाबांनी आल्यावर पाहिलं. रागावले नाहीत, रुमाल धुऊन वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी नदीतला एक गुळगुळीत धोंडा आणून उंबऱ्याबाहेर ठेवला. ज्या बायांना कुंकू लावायचंच आहे त्यांनी ते या धोंड्याला लावावं, म्हणजे ग्रंथ सुटला. झालं भलतंच. महिन्याभरात धोंड्याला नवस सुरू झाले, नारळ फुटू लागले. कोणीतरी त्याला चांदीचे डोळे करून आणले.

बाबा वडिलांपाशी येऊन बसले. "माळीभाऊ, मी धोंडा आणला देव वाचवाले, तं धोंड्याचाच देव झाला. आता काय करू?"

वडील म्हणाले, "फेकून द्या नदीत."

"नाई, नाई. नारळ लंगरात येते."

तो धोंडा अजून आहे. इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांना मी त्याचं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला नक्कीच हजार वर्षांचा ठरवला असता.

बाबा गव्हाच्या मुलखातले, इथं मिळणार ज्वारी. पीठ हातात आलं की त्यांची फजिती. त्यांची भाकरी कडेला फाटायची आणि मध्ये एवढी जाड की वरून करपायची नि आतून कच्ची राहायची. शेवटी आईनं त्यांच्यासमोर काठवट ओढून, मूल शिकवावं तसं, कोमट पाण्यानं मळायला आणि थापायला शिकवलं. शिकले, पण भाकरी शेवटपर्यंत जाडच राहिली. दळतही स्वतःच. पलटणीतला एवढा गडी मांडी घालून जात्याला बसतो, हे पाहून बायकांची हसून पुरेवाट व्हायची. मग त्यांनाच लाज वाटली. एक एक करून त्या बाबांना उठवून जात्याला बसू लागल्या. बाबांना तेच हवं होतं की काय, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यांच्या दारचा नियम एकच आणि तो फार जाचक. कोणीही आलं, काहीही काम असलं, तरी आधी पंगतीत बसून जेवायचं आणि मग बोलायचं. तोवर बाबा ऐकून घेत नसत. कोणी तोंड उघडलं की म्हणत, "पहिले जेव भाऊ, मंग सांग." एकदा दोघे सख्खे भाऊ बांधावरून भांडत, एकमेकांची गळपट्टी धरून त्यांच्याकडे निवाड्याला आले. बाबांनी दोघांना शेजारी बसवलं, भाकरी-वरण वाढलं. थोरला तक्रार करायची म्हणून घाईघाईनं जेवला आणि हात धुऊन पाहतो तर धाकटा भिंतीला टेकून घोरत होता. थोरला तसाच घरी गेला. ते भांडण मिटलं नाही, पुढं अकोल्याच्या कचेरीपर्यंत गेलं. पण त्या दिवशी तरी कोणाचं डोकं फुटलं नाही.

आणि पंगतीत जागा ठरलेली नसायची. जो जसा येईल तसा पुढच्या जागी बसेल. शेजारी कोण आलं ते पाहून उठायचं नाही. खरी अडचण इथं होती. वाटसरू, फकीर, बंजारे, महार, मांग सगळे बसत. आमचे वडील बसत. भाऊबंद त्यांना बोलले तेव्हा ते म्हणाले, "गुरू माह्याच मचाणीवर उतरले, मी आता कुठं जाऊ?" गावचे कुणबी मात्र बसत नसत. थोरल्या पाटलांनी जमीन दिली, पण तेही कधी बसले नाहीत. निशाणाला नमस्कार करायचा, धोंड्यापुढं नारळ फोडायचा, तुकडा प्रसाद म्हणून हातावर घ्यायचा आणि घरी जायचं. बाबांनी त्यांना कधी आग्रह केला नाही. जेवणाची वेळ झाली की बाहेर येऊन एकदा गावाकडे पाहायचे, मग वाढायला घ्यायचे. हे पाहणं मी अनेक वर्षं पाहिलं आणि त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

मग कापसाचे दिवस आले. साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली आणि तिकडचा कापूस बंद झाला, एवढंच आम्हाला कळलं. कोण कोणाशी लढतंय ते अमरावतीच्या व्यापाऱ्यांनाही धड सांगता येत नव्हतं. पण भाव असा चढला की माणसं पिसाळली. ज्यांच्या अंगणात तुळस होती त्यांनी तिच्याभोवती सरकी टोचली. बैलांच्या शिंगांना चांदी आली, आमच्या गावच्या न्हाव्याच्या पायात अमरावतीचा जोडा आला. माझ्या चुलत्यानं मळ्यातली वांगी उपटून कपाशी लावली, आणि मग आमच्याकडे वांगी उसनी मागायला येऊ लागला. उताराशी गाड्यांची रांग लागायची, अकोल्याच्या बाजाराला जाणाऱ्या. गाडीवान बाबांकडे जेवत.

सगळ्यांनी कपाशीच पेरली म्हटल्यावर ज्वारी दिसेनाशी झाली. पंचक्रोशीत भरघोस ज्वारी म्हणजे बाबांचं वावर. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून म्हणायचा की या शिखाला वेड लागलं, कसदार काळ्या जमिनीत, आजच्या भावात, हा ज्वारी पेरतो. बाबा म्हणत, "कापूस खाता येत असंल तं सांगा, मी बी पेरतो."

तोवर थोरले पाटील वारले होते. त्यांचा मुलगा दाजीबा पाटील आता पाटीलकी पाहत होता. माणूस वाईट नव्हता. उदार होता, शब्दाचा पक्का होता, फक्त ताठ होता. चालताना मानेखाली कोणी काठी बांधली आहे असं वाटायचं. नदीकाठचं ते वावर त्याच्या डोळ्यांत सलू लागलं. त्यानं विचार केला की बाबांना टेकडीकडचं मुरमाड वावर द्यावं, ज्वारी तिथंही येते, आणि हे परत घ्यावं. मुरमाडात कसली ज्वारी येते ते आम्हाला ठाऊक होतं. ती कणीस बाहेर यायच्या आधी, पोटऱ्यातच वाळते. ते वावर गेलं असतं तर लंगर बंद पडला असता, ज्वारी विकत घेऊन शेकडो माणसांना घालण्याइतकं बाबांकडे काही नव्हतं. लंगर बंद पडला तर त्या मातीच्या घरात एक म्हातारा आणि एक ग्रंथ एवढंच उरलं असतं.

दाजीबा पाटलानं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आपला कारभारी पाठवला. कारभारी दारात उभा राहून बोलू लागला. बाबा म्हणाले, पहिले जेवा. कारभारी आजूबाजूला पाहून बसला, जेवला, दोनदा वरण घेतलं आणि मग निरोप सांगितला.

बाबा म्हणाले, "जमीन पाटलाच्या वडलानं स्वतः येऊन देली. पाटलाले पाह्यजे असंल तं त्यानं स्वतः याव. मी नाई म्हणत नाई. पण इथं याव, बसाव, जेवाव, मंग मागाव."

हे ऐकून पाटील भडकला. चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "मी कोणाच्या बाजूले बसून जेवाव, हे आता तो दाढीवाला ठरवणार का मले?" कोणीतरी सुचवलं की अकोल्याला जाऊन कागद करून आणावा, साहेबाच्या शिक्क्यापुढं शीख काय करील. पण त्याला पाटील तयार होईना. बापानं हातावर पाणी सोडून दिलेली जमीन मागल्या दारानं घेतली असती तर त्याला गावात मान वर करून फिरता आलं नसतं, आणि ती मान त्याला जमिनीपेक्षा प्यारी होती. घ्यायची तर बाबांच्या तोंडून 'घ्या' असं ऐकूनच. आणि ते ऐकायचं तर पंगत मध्ये आडवी.

वैशाख गेला. मृग लागला की पेरणी, आणि बाबांनी एकदा तिफण घातली की वर्षभर ज्वारी उभी. दोन्हीकडून वाट पाहणं चाललं होतं. मी रोज विहिरीवर बाबांना म्हणायचो, "बाबा, तुमी पेरून टाका ना धुळीतच. झगडा खतम." ते हसायचे. "पाटील येऊन राहिला, बेटा," म्हणायचे. "वाटेत हाय तो."

रोहिणीतली दुपार होती. पंगत बसली होती, गाडीवानच जास्त. मी पाणी वाढत होतो. शेवटच्या जागी किसन महार नुकताच येऊन बसला होता. हा पाटलाचीच गाडी हाकायचा, पाटलाचाच कापूस टाकून अकोल्याहून परत आला होता. दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं, तर दाजीबा पाटील. एकटाच, जोडे हातात. रिकामी जागा एकच होती, किसनच्या शेजारी.

किसनचा चेहरा उतरला. तो अर्धा उठला. "मालक, मी तिकडं बसतो, गाडीपाशी."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस किसन. उठायचं नाई."

"बाबा, मले गावात राह्यचं हाय," किसन हळूच म्हणाला. हे मला ऐकू आलं, कारण मी तांब्या घेऊन तिथंच उभा होतो. त्या दुपारी सगळ्यात जास्त पणाला लागलं होतं ते त्याचं, हे पाटलाच्याही ध्यानात आलं असावं. त्यानं एकदा किसनकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग जोडे भिंतीशी ठेवले आणि म्हणाला, "बस रे. तुले कोन उठवून राहिलं?" आणि स्वतः खाली बसला.

बाबांनी स्वतः वाढलं. लंगरात भाकरी दोन्ही हात पुढं करून घ्यायची असते. पाटलाला ते ठाऊक नव्हतं. किसननं पसरले तसे पाहून त्यानं हात पसरले. असे हात त्यानं जन्मात कोणापुढं पसरले नसतील. बाबांनी त्यांवर आपली ती जाड भाकरी ठेवली. पाटील खाली मान घालून जेवला. सावकाश, पान स्वच्छ करून जेवला. किसन घासागणिक पाणी पीत होता, तरी त्यानंही संपवलं.

माझी खात्री झाली की आता हा जमिनीचं नाव काढणार नाही. एवढं झाल्यावर कोण काढील? पाटलानं हात धुतले, पंच्याला पुसले आणि सरळ म्हणाला, "बाबा, नदीकाठचं वावर मले पाह्यजे. बदल्यात टेकडीकडचं देतो."

"बदल्यात कायले?" बाबा म्हणाले. "घ्या. तुमच्या वडलाचंच हाय."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याच हातून घेतला, पाटलाच्या ओंजळीवर धार सोडली आणि भांडी घासायला मागं गेले.

मी इतका संतापलो होतो की मागोमाग गेलो. राखेनं तवा घासत ते बसले होते. मी म्हटलं, "कावून देलं? आता लोकायले काय घालाल, धोंडा? महिनाभर त्याले अडवलं आन् एका जेवणात देऊन टाकलं?"

ते तवा घासतच राहिले. मग म्हणाले, "मी त्याले जमिनीसाठी नव्हतो अडवत, बेटा. थोरल्या पाटलानं मले जमीन देली, पण इथं बसून जेवले नाई. मी रोज वाट पाह्यली. ते गेले तसेच. आज त्यायचा पोरगा बसला, किसनच्या बाजूले बसला. एका वावरात स्वस्त पडलं."

"आन् लंगर?"

"ते माह्यं काम नाई," असं म्हणून त्यांनी निशाणाच्या काठीकडे बोट केलं. "त्यायचं हाय."

मला ते पटलं नाही. मी तरुण होतो आणि मला पाटलाचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गावातले दोन कुणबी पंगतीला आले. पाटील बसला तर आम्हाला काय झालं, असं त्यांचं म्हणणं. मग पाच आले. पाटील बसत नाही हेच ज्यांचं न बसायचं कारण होतं, त्यांच्याकडे आता कारणच उरलं नव्हतं. काही जण नुसतं पाटील कुठं बसला होता ते पाहायला आले आणि नियमात सापडून जेवून गेले.

मृगात पाटलानं त्या वावरात कपाशी पेरली. बाबांच्या घरातल्या कणगीत ज्वारी खाली खाली जात होती. भाकरी पातळ झाली, म्हणजे इतरांच्या घरी असते तेवढी झाली. श्रावण आला. एके दिवशी विहिरीवर असताना मी सहज त्या वावराकडे पाहिलं, तर गुडघाभर कपाशीच्या अगदी मधोमध, या बांधापासून त्या बांधापर्यंत, ज्वारीचं एक सरळ तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, उभं होतं. कपाशीच्या वर डोकं काढून, रस्त्यावरूनही दिसेल असं.

ते थोरल्या पाटलाच्या विधवेचं काम. पेरणीच्या दिवशी मुलगा अकोल्याला गेलेला होता. ती तिफणीमागं सरकी सोडणाऱ्या बाईपाशी गेली आणि म्हणाली, "एक तास बाबाचं. ज्वारी सोड. तो विचारंल तं माह्यं नाव सांगजो." दाजीबा पाटलाला ते उगवल्यावर दिसलं. उपटायला किती वेळ लागतो? पण त्यानं उपटलं नाही. आईशी एक शब्द बोलला नाही. निंदणाच्या वेळी मात्र गड्यांना म्हणाला, "ते मधातलं नीट राखा." हे मला त्याच्या गड्यांनी सांगितलं.

पुढच्या साली बहुतेकांच्या कपाशीत एकेक तास ज्वारीचं होतं. कोणी सांगितलं नाही, कोणी ठराव केला नाही. त्याला बाबाचं तास म्हणू लागले. कापणीला ज्यानं त्यानं आपल्या तासाची कणसं मोडून आणून बाबांच्या अंगणात टाकायची. वाटसरू विचारायचे की एवढी ज्वारी कोणाची, तर सांगायला एक नाव नसायचं. त्या वर्षी बाबांची भाकरी पुन्हा जाड झाली.

लढाई संपली तसा कापूसही बसला. व्यापारी दिसेनासे झाले, चांदीच्या शेंब्या शिंगांवरून उतरल्या, चुलत्यानं मुकाट्यानं पुन्हा वांगी लावली. लोकांनी ज्वारी पेरायला घेतली. पण पेरा कशाचाही असो, बाबाचं तास राहिलं. पाटलानं जमीन परत दिली नाही, बाबांनीही मागितली नाही. ते वावर आजही पाटलांच्याच घरात आहे. माझ्या मनात त्याबद्दल जी अढी होती ती हळूहळू गेली. जमीन देवस्थानाची राहिली असती तर लंगर एका वावरावर चालला असता. आता तो सगळ्या शिवारावर चालतो.

मी पुढं अमरावतीला भाजीच्या धंद्यासाठी आलो आणि इथलाच झालो. बाबांनी मला काय दिलं हे कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. त्यांनी मला पाठ शिकवला नाही, मी शीख झालो नाही. पण माझ्या अडतीवर माल घेऊन आलेल्या माणसाशी मी भावाचं बोलणं त्याचं जेवण झाल्याशिवाय करत नाही. इथले लोक हसतात, धंद्याला खीळ बसते म्हणतात. बसू दे. हे माझं नाही, त्यांचं आहे, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजतो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका हिवाळ्यात, गावी लग्नाला गेलो होतो तेव्हा. बाबा फार थकले होते. डोळे जवळजवळ गेले होते. तवा आता गावच्या बायांकडे होता. तरी भाकऱ्यांची टोपली घेऊन ते पंगतीतून वाढत फिरत होते. कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं. पुढं आलेले हात चाचपायचे आणि त्यांवर भाकरी ठेवायची. माझ्या हातांपाशी आले. मी बोललो नाही, जेवायच्या आधी बोलायचं नसतं. त्यांनी माझे तळवे चाचपले, भाकरी ठेवली आणि पुढं गेले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

त्यांच्या मागून वरणाची बादली घेऊन एक म्हातारा येत होता. पाठीतून वाकलेला, पंचा खांद्यावर. मी आधी ओळखलंच नाही. तो दाजीबा पाटील होता. बाबा मागं न वळता, चाचपलेल्या हातांच्या अंदाजानं त्याला सांगत होते, इकडं वाढ, तिकडं थोडं जास्त वाढ, आणि तो हूं हूं करत वाढत होता.

पंगतीच्या टोकाला किसन बसला होता. तोही म्हातारा झालेला. बाबांची टोपली तिथं पोचता पोचता संपली, आणि बाबा नवी आणायला चुलीकडे वळले. किसन हात पुढं करून बसून राहिला. आमच्या गावात महाराला भाकरी द्यायची ती वरून, हाताला हात लागणार नाही अशी सोडायची, हे पाटलाच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पाटलानं बादली खाली ठेवली, पलीकडच्या बाईच्या टोपलीतून एक भाकरी घेतली, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी ती किसनच्या तळहातांवर ठेवली. वाकल्यावर त्याला लगेच उठता येईना. किसननं एका हातानं भाकरी धरली आणि दुसऱ्या हातानं त्याला कोपराला धरून उठवलं.

"अजून घेशील?" पाटलानं विचारलं.

"पहिले हे खातो, मालक," किसन म्हणाला, आणि त्यानं भाकरी मोडली.